दोष साच्याचा की हाताचा? पहिलं प्लास्टिक कार किट जोडणाऱ्यांसाठी

माझे वडील कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने बनवायचे, आणि मी फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला आहे. एखादं कास्टिंग (ओतलेला भाग) बाजूला काढलं की आमच्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: दोष पॅटर्नचा की ओतणाऱ्याचा? पॅटर्नचा असेल तर प्रत्येक नगावर त्याच जागी दिसणार. ओतणाऱ्याचा असेल तर आज आहे, उद्या नाही.

सुट्या भागांतून छोट्या मॉडेल गाड्या बनवायची प्लास्टिक किट्स जोडायला लागलो तेव्हा हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. पहिलं किट लाल प्लास्टिकचं होतं. त्याला मी ऐन जुलैत, गॅलरीत उभा राहून, बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना पांढरा रंग मारला. सकाळी बॉडी फिकट गुलाबी झाली होती आणि चकाकी जाऊन खडू फासल्यासारखी दिसत होती. किटच भिकार आहे असं ठरवून सहा महिने ते माळ्यावर टाकलं. पुढं कळलं की गुलाबी छटा प्लास्टिकमधून वर आली होती आणि चकाकी पावसाळी हवेनं खाल्ली होती. पहिला दोष साच्यातून आलेल्या मालाचा, दुसरा माझ्या हाताचा. दोन्ही टाळता आले असते.

कोल्हापुरात हा नाद लागलेली माणसं हळूहळू वाढताहेत आणि जवळजवळ प्रत्येक जण याच खड्ड्यांत पडतो. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

लागणारं सामान, आणि ते इथं कुठं मिळतं

सगळं बाहेरून मागवायची गरज नाही. आपल्या गावात सोनारकाम, फौंड्री आणि गॅरेज हे तिन्ही धंदे आहेत आणि आपली निम्मी हत्यारं त्यांचीच आहेत.

- बारीक टोकाचा चिमटा, सुई-कानशींचा संच, हातानं फिरवायचं छोटं ड्रिल: सोनारकामाची हत्यारं विकणाऱ्या दुकानात. गुजरीच्या आसपास चौकशी करा. हुपरीच्या चांदी कारागिरांनाही हेच लागतं.
- वॉटर पेपर ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे: गाड्यांचा रंग विकणाऱ्या दुकानात.
- व्हर्नियर: उद्यमनगरात कुठंही. साधा चालतो, डिजिटल असेल तर सोयीचा.
- साइड कटर: इथं जरा जास्त पैसे घाला. इलेक्ट्रिशियनचा जाड कटर प्लास्टिक कापत नाही, चेचतो. एका बाजूनं सपाट धार असलेला, प्लास्टिकसाठी बनवलेला निपर घ्या.
- कटर-ब्लेड आणि खाली ठेवायला कटिंग मॅट.
- पातळ प्लास्टिक सिमेंट. तामिया कंपनीची हिरव्या झाकणाची एक्स्ट्रा थिन बाटली एक घेतली की बरीच किट्स होतात.
- फेव्हिकॉल, फक्त काचांसाठी.
- मास्किंग टेप. स्टेशनरीच्या दुकानातली खाकी टेप नको, तिची कड फाटकी येते आणि रंग आत झिरपतो.
- प्रायमर, रंग, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर). याबद्दल पुढं सविस्तर.
- ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क. कापडी मास्क किंवा एन-९५ धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. घरात लहान मूल असेल तर स्प्रेचं काम दारं उघडी ठेवून, त्याला दुसऱ्या खोलीत पाठवून करायचं. यात तडजोड करू नका.

१. किट निवडताना

आधी स्केल समजून घ्या. १/२४ म्हणजे खऱ्या गाडीचा चोविसावा भाग. फूट-इंचात सांगायचं तर खऱ्या गाडीचा एक फूट मॉडेलवर अर्धा इंच होतो. जपानी कंपन्यांचा भर १/२४ वर आहे. तामिया, हासेगावा, आओशिमा आणि फुजिमी या चारही शिझुओका प्रांतातल्या. अमेरिकन एएमटी आणि एमपीसीची किट्स बहुतेक १/२५ ची असतात. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक किरकोळ दिसतो, पण एका किटची चाकं दुसऱ्याला लावायला गेलात की जाणवतो. फॉर्म्युला वनच्या गाड्या बऱ्याचदा १/२० मध्ये येतात.

पहिलं किट कोणतं घ्यावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्यानं आयुष्यात एकही किट जोडलेलं नाही त्यानं आओशिमाचं १/३२ स्केलचं स्नॅप किट घ्यावं. सुटे भाग रंगीत प्लास्टिकचे असतात, सिमेंट लागत नाही, दाबलं की बसतात. त्यात सुझुकी जिम्नी आहे. आपल्याकडची जिप्सी त्याच घराण्यातली, त्यामुळं जोडताना चेहरा ओळखीचा वाटतो. दोन संध्याकाळी पुरतात आणि भाग ओळखायची, नकाशा वाचायची सवय होते.

दुसरं किट १/२४ चं, पण इंजिन नसलेलं घ्या. अशा किटला कर्बसाइड म्हणतात: बॉनेट बंद, खालची बाजू एका पट्टीवर कोरलेली, आत सीट आणि डॅशबोर्ड. तामियाची टोयोटा जीआर ८६ किंवा फोक्सवॅगन बीटल अशा ठिकाणी चांगली. उघडणारी दारं, पूर्ण इंजिन, वायरिंग हे पेटीवर वाचून मोह होतो, पण उघडं दार म्हणजे जुळवायच्या चार जास्तीच्या फटी. तिसऱ्या-चौथ्या किटपर्यंत थांबा.

एक सापळा इथंच सांगतो. पेटी नवी असली म्हणजे साचा नवा असतो असं नाही. कंपन्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे साचे पुन्हा पुन्हा चालवतात, एकमेकींचे साचेही वापरतात. वर चित्र नवं, डिकल (पाण्यात भिजवून बॉडीवर लावायची चित्रं-अक्षरं) नवे, आत जुनाच माल. गाडीच्या पोटाशी किंवा सूचनापत्राच्या कोपऱ्यात साल छापलेलं असतं, ते बघा. विकत घेण्यापूर्वी स्केलमेट्स या संकेतस्थळावर किटचा नंबर टाकला की साचा कधीचा आणि कुणाकुणाच्या पेटीतून फिरलाय ते दिसतं. जुना साचा वाईटच असं नाही. फक्त काय घेतोय ते माहीत असावं.

२. बाहेरून मागवताना कागदपत्रं

देशातल्या विक्रेत्याकडं असेल तर तिथूनच घ्या, दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी. परदेशातून मागवायचं असेल तर हे हाताशी ठेवा:

- ओळख आणि पत्ता दाखवणारा कागद (आधार, पासपोर्ट यांपैकी), कुरिअरच्या केवायसीसाठी
- पॅन
- विक्रेत्याचं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा
- केवायसीवरचं आणि पार्सलवरचं नाव अक्षरशः एकच. टोपणनावावर मागवलेली पार्सलं अडकतात.

कस्टमचा हिशेब आधी करा. फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची मूळ ड्युटी २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ मध्ये ७० वर. दर बदलत राहतात, म्हणून मागवायच्या दिवशीचा दर बघून घ्या. ड्युटी नुसत्या किटवर लागत नाही, टपालखर्च धरून होणाऱ्या रकमेवर लागते आणि वर जीएसटी असतो. स्वस्त किट महागड्या कुरिअरनं मागवलं की हिशेब कोसळतो.

स्प्रेचे डबे आणि थिनर परदेशातून मागवूच नका. ज्वालाग्राही माल विमानानं येत नाही. देशातल्या विक्रेत्याकडून जमिनीवरून येतो, त्याला आठ-दहा दिवस लागतात, तेवढे धरून चला.

३. पेटी उघडल्यावर आधी इन्स्पेक्शन

इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. मी एक अख्खी संध्याकाळ घालतो आणि त्या दिवशी कटरला हात लावत नाही.

प्रथम मोजणी. सूचनापत्रातली यादी घेऊन प्रत्येक फ्रेम, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट, तपासा. काचांची पिशवी वेगळी, रबरी टायर वेगळे. जुनं किट असेल तर टायर कशाला टेकले होते ते बघा. मऊ व्हिनाइलच्या टायरमधलं तेलकट द्रव्य काळाच्या ओघात प्लास्टिकमध्ये उतरतं आणि ते वितळवतं. काचेला टायर टेकलेला असेल तर काचेवर टायरची नक्षी उठलेली सापडते. नवीन किटमध्येही टायर लगेच वेगळ्या पिशवीत घाला.

मग बॉडी हातात घ्या आणि डोळे मिटून अंगठा फिरवा. वडील लाकडी पॅटर्न असाच तपासायचे. साच्याचे दोन अर्धे मिटतात तिथं उठणारी रेघ, जिला आपण कास्टिंगवर पार्टिंग लाइन म्हणतो, तीच इथं मडगार्डच्या कडेवरून, छताच्या खांबावरून, बंपरच्या कोपऱ्यावरून जाते. डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला लागते. चकचकीत रंग मारला की मात्र साऱ्या जगाला दिसते. जिथं लागेल तिथं पेन्सिलीनं खूण करा.

फौंड्रीत काम केलेल्याला बाकीचे दोषही ओळखीचे वाटतील:

- कडेला पापुद्रा: साचा झिजलाय, दोन अर्धे घट्ट मिटत नाहीत. पातळ असेल तर पाच मिनिटांचं काम. सगळ्या फ्रेमभर असेल तर साचा फार म्हातारा आहे.
- जाड भागाच्या मागं पृष्ठभागावर खळगा: आपलं श्रिंकेज. प्लास्टिक थंड होताना आत ओढलं जातं. प्रायमरनं भरत नाही, पुटी लागते.
- गोल नाण्यासारखे ठसे: भाग साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे. दिसणाऱ्या जागी असतील तरच भरा. सीटच्या पोटाखालच्या ठशांवर आयुष्य घालवू नका.
- अर्धवट भरलेला भाग: माल शेवटपर्यंत पोचला नाही. हा एकच दोष असा आहे की विक्रेत्याला लगेच फोटो पाठवून भाग बदलून मागावा. फ्रेममधून कापल्यावर कुणी ऐकत नाही.
- वाकलेली बॉडी: आरशाच्या तुकड्यावर ठेवा. कोपरा उचलला जात असेल तर उकळत्या नव्हे, जेमतेम हात घालवेल इतक्या गरम पाण्यात धरून हळूहळू सरळ करा आणि सरळ धरूनच गार होऊ द्या.

आता व्हर्नियर काढा. किटचं मूल्यमापन करायची माझी पहिली कसोटी व्हीलबेस आहे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर. खऱ्या गाडीचा आकडा सहज मिळतो. बीटलचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर. १/२४ मध्ये बरोबर १०० मिलिमीटर यायला हवा, १/२५ मध्ये ९६. निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ चा २६६५, म्हणजे १/२४ मध्ये १११. फेरारी एफ४० चा २४५०, म्हणजे १०२ च्या किंचित वर. अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झाला तर सोडून द्या. दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत जवळपास पाच सेंटीमीटर, ते डोळ्याला टोचतं. चाकाची रिमही मोजा: पंधरा इंची रिम १/२४ मध्ये साधारण १५.९ मिलिमीटर.

पण नुसत्या आकड्यांवर निकाल देऊ नका. लांबी-रुंदी बरोबर असूनही छत चपटं, काचांची उंची कमी, चाकाच्या कमानी चौकोनी अशी किट्स मी बघितली आहेत. खऱ्या गाडीचा बाजूनं काढलेला फोटो घ्या, किटची बॉडी तशीच धरून मोबाइलवर फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. मोबाइल जवळ नेऊन फोटो काढला तर पुढचा भाग फुगतो. म्हणून दोन मीटर लांब उभं राहून झूम करा. या एका चुकीपायी चांगल्या किट्सची उगाच बदनामी होते.

हे सगळं एका वहीत लिहा. पानाच्या डाव्या बाजूला साच्याचे दोष. उजवी बाजू सध्या कोरी ठेवा.

४. धुणं आणि फेटलिंग

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य भागांवर राहिलेलं असू शकतं. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात फ्रेमसकट धुवा, मऊ टूथब्रश वापरा, पंख्याखाली वाळवा.

फेटलिंग म्हणजे ओतलेल्या भागावरचे खुंट आणि रेघा साफ करणं. भाग कापताना दोनदा कापायचं. पहिल्यांदा भागापासून दोन मिलिमीटर लांब, मग उरलेला खुंट जवळून, कटरची सपाट बाजू भागाकडं ठेवून. एकाच फटक्यात जवळून कापलं तर प्लास्टिक ताणलं जातं आणि पांढरा डाग पडतो किंवा टवका निघतो. खुंट ब्लेडनं साफ करून ४००, मग ६०० चा पेपर. पेन्सिलीनं खुणा केलेल्या पार्टिंग लाइनवर ब्लेडची धार उभी धरून हलक्या हातानं खरवडा. वॉटर पेपर पाण्यात बुडवून वापरला की प्लास्टिकची धूळ उडत नाही. बॉडीवर बोट थेट दाबू नका. खोडरबराभोवती पेपर गुंडाळला तर सपाट भाग सपाट राहतो.

दारांच्या आणि बॉनेटच्या रेषा आत्ताच खोल करून घ्या. प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून त्या भरून जातात. ब्लेडची पाठ त्या रेषेतून चार-पाच वेळा, जोर न लावता ओढायची. जोर लावला की ब्लेड निसटतं आणि दारावर ओरखडा जातो.

५. कोरडी जोडणी

सिमेंट न लावता बॉडी, चासी, इंटिरिअर, काचा, चाकं सगळं टेपनं अडकवून उभं करा. नव्वद टक्के लोक ही पायरी गाळतात, आणि शेवटच्या दिवशी रंगवलेली बॉडी चासीवर बसत नाही म्हणून दाबताना बंपर मोडतात. इंटिरिअरचा ट्रे काचेला टेकतो का, चाकं कमानीत मधोमध आहेत का, चारही टायर आरशावर टेकतात का, हे आत्ता बघा. रंगाचा थर चढल्यावर सगळं आणखी घट्ट होणार आहे, म्हणून आत्ता थोडं सैल बसलेलंच चांगलं.

सिमेंटबद्दल एवढं समजून घ्या: ते चिकटवत नाही, प्लास्टिक वितळवून एकजीव करतं. त्यामुळं रंगावर लावलं तर धरत नाही, जोडाची जागा खरवडून उघडी करावी लागते. पातळ सिमेंट लावायची रीत म्हणजे दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला टेकवायचं. ते आपोआप आत ओढलं जातं. फटीवर बोट असेल तर बोटाखालीही जातं आणि ठसा कायमचा उमटतो.

६. प्रायमर

राखाडी प्रायमर दोष दाखवतो, म्हणून पहिला हात राखाडीच. त्यानंतर बॉडी ट्यूबलाइटखाली तिरपी धरून बघा. खळगे, ओरखडे, राहिलेल्या रेघा सगळं वर येतं. पुटी भरा, म्हणजे आपले गॅरेजवाले जिला लांबी म्हणतात ती, पण मॉडेलची. मोटारीची जाड पुटी इतक्या लहान कामाला नको. वाळली की घासा आणि पुन्हा प्रायमर मारा. दोन-तीन फेऱ्या होणं नेहमीचं आहे.

वर पिवळा, लाल किंवा पांढरा रंग येणार असेल तर शेवटचा हात पांढऱ्या किंवा गुलाबी प्रायमरचा द्या. किटचं प्लास्टिकच लाल असेल आणि वर फिका रंग हवा असेल तर मध्ये चांदी रंगाचा पूर्ण थर द्या. तो प्लास्टिकमधला रंग वर येऊ देत नाही. माझ्या पहिल्या गाडीला एवढंच हवं होतं.

७. रंग, आणि कोल्हापूरची हवा

जून ते सप्टेंबर या काळात आपल्याकडं लॅकर मारू नका. लॅकरमधलं थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर दव धरते, ते दव रंगात अडकून चकाकी घालवतं. शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला लावा. काटा सत्तरच्या वर असेल तर स्प्रे खाली ठेवा. पावसाळा कापाकापी, फेटलिंग, इंटिरिअर ब्रशनं रंगवणं यासाठी आहे. बॉडी रंगवायचा आपला खरा हंगाम दसऱ्यानंतर थंडी सरेपर्यंत. उन्हाळ्यात मारायचं असेल तर सकाळी लवकर. भर दुपारी स्प्रे बॉडीवर पोचेपर्यंत अर्धा वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो.

तरीही पांढुरका थर आलाच, तर घाबरून खरवडू नका. कोरड्या दिवशी त्यावर पातळ लॅकरचा एक ओला हात मारला तर बऱ्याचदा तो निघून जातो.

कोणत्या रंगावर कोणता, हे पाठच करा. लॅकरवर एनॅमल चालतं, लॅकरवर ॲक्रिलिक चालतं. एनॅमलवर किंवा ॲक्रिलिकवर लॅकर मारलं तर खालचा थर सुरकुततो. तामियाचे टीएस डबे लॅकर जातीचे, एक्स आणि एक्सएफ बाटल्या ॲक्रिलिक. बॉडीसाठी डबा, आतल्या कामासाठी बाटली, एवढ्यावर पहिली पाच किट्स होतात. एअरब्रश नंतर.

मोटारीच्या रंगाच्या दुकानातून शेड मिळवून घ्यायची कल्पना इथं प्रत्येकाला सुचते, कारण दुकानं हाकेच्या अंतरावर आहेत. मिळते, आणि सुंदर मिळते. पण त्या रंगातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर उघडं प्लास्टिक खातं. पूर्ण प्रायमर असल्याशिवाय मारू नका, आणि आधी किटच्याच रिकाम्या फ्रेमच्या तुकड्यावर मारून रात्रभर ठेवा. टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या, क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना कायमचं बाधू शकतं. घरात नकोच. हवंच असेल तर बूथ असलेल्या गॅरेजवाल्याकडून मारून घ्या.

मारायची रीत अशी. डबा पंधरा-वीस सेंटीमीटरवर. बॉडीच्या बाहेर सुरुवात, बॉडीवरून सरळ पुढं, बाहेर गेल्यावर बोट सोडायचं. पहिला हात नुसता धुरळा, खालचा प्रायमर दिसत राहिला पाहिजे. दहा मिनिटांनी दुसरा, तसाच हलका. तिसरा ओला, चकाकी धरेल इतपत. ओघळ आला तर पुसायचा नाही. वाळू द्या, घासा, पुन्हा मारा. बंपर, आरसे, स्पॉइलर हे सुटे भाग बॉडीबरोबरच, एकाच बैठकीत रंगवा. मेटॅलिक रंग वेगळ्या दिवशी मारला तर दोन गाड्यांचे भाग एकत्र केल्यासारखं दिसतं.

रंग किती जाड होतोय याचा अंदाज ठेवा. मॉडेलवर एक दशांश मिलिमीटर थर म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर. खेळण्यासारखी दिसणारी गाडी बहुतेक वेळा रंगाच्या जाडीमुळंच तशी दिसते.

वाळवायला मोठा झाकणाचा डबा वापरा, धूळ बसत नाही. वाळला की नाही ते नाकानं ठरवा: वास येतोय तोवर टेप लावायची नाही.

८. डिकल, क्लिअर, पॉलिश

डिकल चकचकीत पृष्ठभागावरच लावा. खरखरीत रंगावर खाली हवा अडकते आणि पारदर्शक भाग चंदेरी दिसतो. एकेक कापून कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद, मग बाहेर काढून कागदावर मिनिटभर. स्वतःहून सुटला की सरकवायचा, नखानं ओढायचा नाही. वळणावर बसवायला डिकल मऊ करणारं द्रव मिळतं. ते लावल्यावर डिकल सुरकुततो. त्या वेळी हात लावू नका, वाळताना तो आपणहून ताणला जातो.

दोन दिवसांनी क्लिअर. पहिले दोन-तीन हात अगदी कोरडे धुरळ्यासारखे. थेट ओला हात मारला तर डिकल विरघळतो. आठवडाभर थांबून १५००, मग २००० च्या ओल्या पेपरनं फक्त उठलेला भाग बसवायचा, नंतर कंपाउंड. मडगार्डच्या आणि दारांच्या कडांना पेपर लावू नका. तिथं थर सगळ्यात पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालचा प्रायमर उघडा पडतो.

९. काचा आणि क्रोम

काचेला सुपरग्लू लावलेली गाडी मी लांबून ओळखतो. त्याची वाफ आतून पांढरा धुरकट थर देते आणि गाडी बंद झाल्यावर तो पुसता येत नाही. फेव्हिकॉलचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब कडेला लावा. वाळल्यावर दिसत नाही आणि चुकलं तर ओल्या कापसानं निघतो. काचेची काळी चौकट आतल्या बाजूनं रंगवायची, म्हणजे बाहेरून काचेची चकाकी कायम राहते.

किटमधले क्रोमचे भाग फार चमकतात आणि फ्रेममधून कापल्यावर खुंटाची जागा उघडी पडते. मला ते क्रोम काढून पुन्हा रंगवलेलं आवडतं. घरगुती ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की निघतं. मात्र ब्लीच दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये, विशेषतः संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये, कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. खिडक्यांच्या बारीक पट्ट्यांसाठी चिकट धातूची पातळ फॉइल मिळते. ती बसवून, काडीनं दाबून, नव्या कोऱ्या ब्लेडनं कापायची. जुन्या ब्लेडनं फॉइल कापली जात नाही, फाटते.

दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा पुढच्या वर्षी गर्दीत जरा वेगळ्या नजरेनं बघा. दारांच्या फटी कुठंही काळ्याकुट्ट रेघेसारख्या दिसत नाहीत, गाडीच्याच रंगाच्या गडद सावलीसारख्या दिसतात. मॉडेलच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्यांत काळं एनॅमल ओतण्यापूर्वी हे आठवावं. पांढऱ्या गाडीला राखाडी, लाल गाडीला गडद तपकिरी. आणि हे एनॅमल उघड्या, रंग न दिलेल्या प्लास्टिकवर भरपूर ओतू नका. ताण असलेल्या जोडावर ते भेग पाडतं.

१०. शेवटची जोडणी

कोरडी जोडणी नीट केली असेल तर इथं लिहिण्यासारखं फार नाही. हात धुवा, रंगवलेला भाग धरताना सुती हातमोजे घाला, आरसे आणि वायपर सगळ्यात शेवटी.

११. आपलं काम तपासताना

गाडी पूर्ण झाली की दोन दिवस तिच्याकडं बघू नका. मग वही काढा आणि उजवी बाजू भरा.

मॉडेल करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएमएस, १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. तिच्या स्पर्धांमध्ये परीक्षक आधी मूळ काम बघतात. किती जास्तीचे तुकडे लावले हे नंतर. माझा क्रमही तोच:

आरशावर ठेवून चारही चाकं टेकतात का. समोरून आणि मागून बघितल्यावर चाकं एका रेषेत उभी आहेत का. पार्टिंग लाइन कुठं राहिली का. जोड दिसतो का. मग रंग: धूळ, ओघळ, कडेला उघडा पडलेला प्रायमर. मग डिकल सरळ आहेत का, खाली चंदेरी डाग आहेत का. मग काचेवर बोटाचा ठसा. इंटिरिअर सगळ्यात शेवटी.

प्रत्येक दोषापुढं एक प्रश्न: हा डाव्या बाजूच्या यादीत आधीच होता का? होता, आणि तुम्ही तो दुरुस्त केला नाहीत, तर तो आता साच्याचा राहिला नाही, तुमचा झाला. यादीत नव्हता आणि आता दिसतोय, तर तो सरळ तुमच्या हाताचा. किटबद्दल कुणी विचारलं तर फक्त डाव्या बाजूवरून बोला. स्वतः रंगात चुकून किटला नावं ठेवणारी माणसं नवख्यांना चांगल्या किट्सपासून उगाच दूर नेतात. उलटही होतं: कसलेला हात वाईट साचा इतका सुंदर काढतो की बघणाऱ्याला ते किट सोपं वाटतं. म्हणून किटला वेगळे गुण आणि जोडणीला वेगळे. मी दहापैकी देतो आणि त्या आकड्यापुढं कारण एका ओळीत लिहितो. कारण लिहिलं नाही तर वर्षानं तो आकडा मलाही कळत नाही.

गाडी ठेवायला झाकणाची काचेची पेटी घ्या, खिडकीच्या उन्हापासून लांब. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलची पुडी टाका. आणि व्हिनाइलचे टायर रंगवलेल्या पाटीवर थेट टेकू देऊ नका, वर्षभरात ते रंगाला चिकटतात. प्रत्येक टायरखाली बटर पेपरचा नखाएवढा तुकडा पुरतो.